फडक्यावर आलेला रंग

आजचा एपिसोड घरच्या घरी गाडी चमकवण्याबद्दल आहे. पण आधी मी केलेला गाढवपणा सांगतो, कारण हा सगळा इतिहास मी त्याच्यामुळेच वाचला.

मागच्या वर्षी खंडेनवमीला मी पुण्याहून साताऱ्याला घरी गेलो होतो. आमच्याकडे हा गाडी धुण्याचा दिवस. माझी लाल हॅचबॅक सेकंड हँड घेतलेली, बॉनेट जरा मलूल दिसत होतं. मी रबिंग कंपाउंडचा डबा आणला आणि ड्रिल मशीनला लावायचं फोमचं पॅड ऑनलाइन मागवलं. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले. दहा मिनिटं झाल्यावर म्हणाले, "जोर लाव की! रंग निघाला पाहिजे. रंग आला म्हणजे वरची घाण गेली समजायचं."

मी जोर लावला. पॅडवर काही रंग येईना. अजून लावला. शेवटी बॉनेटच्या उंचवट्याच्या रेषेवर पॅड लाल झालं आणि आम्ही दोघंही खूश झालो. पुसून बघतो, तर तिथे तळहाताएवढा निस्तेज चट्टा. पॉलिश लावलं, वॅक्स लावलं, काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ बरोबर त्या चट्ट्यावर ओढून घेतली आणि पूजा उरकली.

नंतर गॅरेजमधला पेंटर म्हणाला, "वरचा क्लिअर उडवलाय तुम्ही. आता अख्खं बॉनेट मारावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प झालो, पण बाबा माझ्यापेक्षा जास्त गप्प झाले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "पद्मिनीला दरवर्षी असंच करायचो रे. तिला कधी काही झालं नाही. पैसे मी देतो."

पैशांपेक्षा मला ते वाक्य लागलं. माझ्या लहानपणी आमच्याकडे आकाशी रंगाची जुनी प्रीमिअर पद्मिनी होती. बाबा तिला दसऱ्याला घासायचे तेव्हा पिवळं फडकं आकाशी व्हायचं आणि गाडी खरंच आरशासारखी दिसायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग इनपुट तेच असताना आउटपुट वेगळं का? बग कुठे आहे? तो शोधत शोधत मी शंभर वर्षं मागे गेलो.

गाडी नवीन शोध होता, तेव्हा तिचा रंग घोडागाडीचाच होता. ब्रशने व्हार्निश लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं, परत लावायचं. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागायचे. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली आणि १९१३ मध्ये चालत्या असेंब्ली लाइनवर बनू लागली. मग गाडी झटपट तयार, पण रंग वाळायची वाट बघत उभी, असं होऊन कसं चालेल? १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. भट्टीत भाजता येणारा तो काळा रंग स्वस्त होता आणि टिकाऊही.

ही कोंडी फोडली ड्युपाँ या अमेरिकन कंपनीने. हे लोक मूळचे बंदुकीची दारू बनवणारे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतं. त्याचा एक प्रकार स्फोटकांत जातो आणि सौम्य प्रकार फिल्मच्या रिळात जायचा. पहिलं महायुद्ध संपल्यावर ड्युपाँने त्यातूनच झटपट वाळणारा लॅकर काढला. जनरल मोटर्सने १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्यांना तो निळ्या रंगात मारला. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

त्या लॅकरचं नाव ऐकाल तर हसाल. ड्युको! आपल्याकडे सुतार कपाटाला "ड्युको मारून देतो" म्हणतो ना, तोच हा. एका कंपनीचा ब्रँड शंभर वर्षांनंतर साताऱ्याच्या गल्लीत मराठी शब्द होऊन बसलाय. गॅरेजवाल्यांनी तो का धरून ठेवला, हेही साधं आहे. त्याला भट्टी लागत नाही. कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन असली की झालं, हवेवर वाळतो.

पण ड्युकोची एक खोड होती. स्प्रे करून वाळला की तो मंद दिसायचा. चमक आणायची तर घासायलाच लागायचं. वर उन्हाने त्याचा पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत व्हायचा, म्हणजे दर काही महिन्यांनी परत घासणं आलं. थोडक्यात, घासणं हा त्या रंगाच्या देखभालीचाच भाग होता.

त्याच काळात त्या कामाची हत्यारंही तयार झाली. १९२१ मध्ये थ्री-एम कंपनीने पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर आणला. शोध फ्रान्सिस ओकी यांचा. कोरड्या घासण्यामुळे कारागिरांच्या नाकातोंडात जाणारी धूळ त्याने कमी झाली. आपले पेंटर त्याला वॉटर पेपर म्हणतात. हाच वॉटर पेपर घेऊन थ्री-एमचा रिचर्ड ड्र्यू नावाचा तरुण अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराच्या गॅरेजांत फिरत होता. तिथे दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली होती. दुसरा रंग मारताना पहिल्यावर कागद चिकटवायचे आणि तो काढताना खालचा रंगही सोलून निघायचा. पेंटर लोक वैतागलेले. ड्र्यूने १९२५ मध्ये त्यांच्यासाठी मास्किंग टेप बनवली. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला माणूस होता बरं का. माझ्यासारख्या बीटेकवाल्याने याची नोंद घ्यावी.

मग घरी गाडी चमकवणं हा मोठा धंदा झाला. शिकागोत बेंजामिन हिर्श यांनी १९४० च्या दशकात घरच्या बाथटबमध्ये पॉलिश ढवळून विकायला सुरुवात केली. गोष्ट अशी सांगतात, की ते पार्किंगमधल्या अनोळखी गाडीचं एकच मडगार्ड चमकवायचे आणि मालकाची वाट बघत उभे राहायचे. तीच पुढे टर्टल वॅक्स कंपनी झाली.

इकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी पद्मिनी झाली. आमची पद्मिनी बाबांकडे येण्याआधीच गॅरेजमध्ये रंगवून घेतलेली होती. लांबी भरून, प्रायमर मारून वर ड्युकोचे हात. त्या रंगात वरपासून खालपर्यंत एकच आकाशी. बाबा उन्हाने मेलेला वरचा थर काढायचे आणि खालून ताजा रंग यायचा. फडक्यावर येणारा आकाशी म्हणजे त्यांचा मीटर होता. किती निघालं आणि कधी थांबायचं, ते फडकं सांगायचं.

बाबांचं काहीच चुकत नव्हतं. मधल्या काळात रंग बदलला होता.

१९८० च्या दशकात जगभरच्या कारखान्यांत दोन थरांची पद्धत पसरली. खाली रंगाचा पातळ बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक या वरच्या थराची, उन्हापासून संरक्षणही त्याचंच. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. झेरॉक्सचा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे कागदाच्या निम्मा! आणि तो पारदर्शक असल्यामुळे घासताना पॅडवर गाडीचा रंग येतच नाही. मला वाटलं काहीच निघत नाहीये, पण निघत होता तो क्लिअर कोट. उंचवट्याच्या रेषेवर पॅडचा सगळा दाब एका जागी येतो, त्यामुळे तो तिथेच आधी संपला. लाल दिसलं तेव्हा खेळ संपलेला होता. बाबांच्या गाडीला जी सुरुवातीची खूण होती, ती माझ्या गाडीला शेवटची ठरली.

हेडलाइटचंही तसंच. पद्मिनीच्या दिव्याला काच होती, कशानेही घासा. आताची काच म्हणजे पॉलीकार्बोनेट प्लास्टिक, त्यावर उन्हापासून वाचवणारा थर. टूथपेस्टने घासलं की पिवळेपणा जातो, रील छान बनतं. पण उरलासुरला थरही त्याबरोबर जातो आणि काही महिन्यांत काच परत पिवळी. घासलं तर वरून यूव्ही कोटिंग लावायलाच हवं.

मग करायचं काय? पांढरं सुती फडकं घ्या, थोडं पॉलिश लावा आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात हलक्या हाताने घासा. रंग आला तर एकाच थराची पद्धत. साध्या पांढऱ्या किंवा गॅरेजमध्ये रंगवलेल्या काही गाड्या अशा निघतात. रंग आला नाही तर वर क्लिअर कोट आहे, त्याला जपा. सावलीत धुवा, दोन बादल्या ठेवा, एक शांपूची आणि एक स्पंज खळबळायची. भांड्यांचा साबण नको, वॅक्स उतरतं. मायक्रोफायबरने टिपा, वॅक्स लावा. कंपाउंड शेवटचा उपाय, तोही बारीक आणि हाताने. उंचवट्यांवर आणि कडांवर आधी मास्किंग टेप लावा. ड्र्यू यांना धन्यवाद द्या.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तेव्हा मी बरोबर होतो?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

बॉनेटचे पैसे मीच दिले. यंदा खंडेनवमीला ड्रिल पुण्यातच राहील. दुसरी बादली बाबांकडे.

तुमच्या घरी आधी कुठली गाडी होती आणि ती कशी चमकवायचे, हे विचारून बघा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.