बडोद्याची वाचनालये आणि ज्ञातिसुधारणेची चर्चा

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक अंकात वाचनालयाचा उल्लेख बहुधा अहवालाच्या शेवटच्या पानावर येतो. ग्रंथसंख्या अमुक, वर्गणीदार अमुक, येणारी नियतकालिके अमुक, आणि जमाखर्चात शिल्लक अशी फारशी नाहीच! शिष्यवृत्त्या, वधूवर-सूची, गुणवंतांचा सत्कार हे विषय पुढे, आणि वाचनालय मागे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. यंदा मात्र आम्ही हा विषय मागून पुढे आणीत आहो. त्यास एक निकडीचे कारण घडले आहे. ते लेखाच्या अखेरीस सांगू.

वाचनालय म्हणजे पुस्तकांचे कपाट, ही समजूत अलीकडची आहे. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी आपल्याकडे वाचनालये काढली त्यांच्या मनात पुस्तकांइतकीच माणसांची बैठक होती. १८४८ साली पुण्यास नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीच पुढे पुणे नगर वाचन मंदिर या नावाने नांदू लागली. तिच्या स्थापनेत पुढाकार घेणारे गोपाळ हरी देशमुख त्याच साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या सहीने आपली शतपत्रे लिहू लागले, ही गोष्ट योगायोगाची मानण्याचे कारण नाही. जो मनुष्य समाजाचे दोष जाहीरपणे लिहितो त्याला ते वाचून वाद घालणारी माणसे हवीच असतात. पुढे १८७५ साली न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. हा इतिहास बहुतेक वाचकांस ठाऊक आहे, म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

आम्हाला सांगावयाचे आहे ते बडोद्याविषयी. बडोद्याच्या गादीवर मराठी राजा होता, दरबारात व नगरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. परंतु प्रजा बव्हंशी गुजराती, आणि ग्रंथालयांची चळवळ झाली ती मुख्यतः गुजराती खेड्यांत. असे असूनही ज्ञातिसंस्थांनी तिचा अभ्यास करावा असे आम्हास वाटते. समाजसुधारणेसाठी एका हातात कायदा व दुसऱ्या हातात वाचनालय धरून चाललेला असा दुसरा प्रयोग त्या काळच्या हिंदुस्थानात आम्हास दिसत नाही. आणि त्या कायद्यांपैकी एक तर थेट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या पंचांवर केलेला होता.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ती सक्ती संस्थानभर लागू केली. शाळा निघाल्या, मुले बसू लागली. पण चार वर्षे शिकून नांगर धरलेला मुलगा पुढे काय वाचणार? घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. शिकलेली अक्षरे दहा वर्षांत पुसली जावयाची. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी कनेक्टिकट प्रांतातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस बडोद्यास आणले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडले. महाराजांच्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाले. ग्रंथपालांस शिकविण्याचा वर्ग निघाला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. बॉर्डन १९१३ साली परत गेले. त्यांच्या मागून जनार्दन सखाराम कुडाळकर व पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे खाते सांभाळले.

येथे एका गृहस्थाचा उल्लेख केल्याविना पुढे जाणे अन्यायाचे होईल. बॉर्डनसाहेब येण्यापूर्वी चार वर्षे, १९०६ साली, मोतीभाई अमीन नावाच्या चरोतरातील एका शिक्षकाने ‘मित्रमंडळ’ वाचनालयांची साखळी खेड्याखेड्यांतून उभारावयास प्रारंभ केला होता. सरकारी हुकूम नाही, परदेशी तज्ज्ञ नाही. गावातील चार उत्साही तरुण, थोडी वर्गणी आणि काही वर्तमानपत्रे एवढ्यावर ही मंडळे चालत. पुढे संस्थानाने खाते काढले तेव्हा मोतीभाईंस त्यात सामावून घेतले. राजाच्या नावावर जमा झालेल्या पुष्कळ गोष्टींच्या मुळाशी असा एखादा शाळामास्तर असतो, हे इतिहास लिहिणारे विसरतात.

खात्याचा नियम मोठा मार्मिक होता. एखाद्या गावाला वाचनालय हवे असेल तर गावाने स्वतः पैसे उभे करावयाचे. तेवढेच संस्थान देई आणि तेवढेच प्रांत पंचायत देई. म्हणजे तीन हिश्शांपैकी एक हिस्सा गावाचा. हा नियम केवळ काटकसरीचा नव्हता. वर्गणी गोळा करावयाची म्हटली की गावकऱ्यांना एकत्र बसावे लागते, कोणते पत्र मागवावयाचे यावर वाद होतो, किल्ली कोणाकडे राहील हे ठरवावे लागते. ज्या गावात पाटीदार, ब्राह्मण, वाणी, कोळी आपापल्या ज्ञातीच्या चौकात बसत तेथे एका कामासाठी एकत्र बसण्याचे निमित्त त्यामुळे निघाले. ज्या गावांची एवढीही ऐपत नव्हती त्यांच्याकडे खाते लाकडी पेटीतून फिरते ग्रंथालय पाठवी. एका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके. वाचकास शुल्क नाही आणि जाण्यायेण्याचा खर्च खात्याचा.

आणि ज्यांस अक्षरच येत नाही त्यांचे काय? खात्याने ‘दृश्यशिक्षण’ नावाची शाखा काढली. जादूचा कंदील, चित्रपट यांच्या साह्याने गावोगाव फुकट खेळ होत. पडदा लागला म्हणजे आबालवृद्ध जमत. ज्या काळी शहरांतही चलच्चित्र हा नवलाचा विषय होता त्या काळी बडोदे संस्थानातील शेतकरी ग्रंथालयाच्या कृपेने ते पाहत होता. स्त्रियांसाठी व मुलांसाठी मध्यवर्ती ग्रंथालयात निराळी सोय केलेली होती. १९१२ साली महाराजांनी लोकभाषांतील ग्रंथांसाठी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून सयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला निघाल्या. कारण कपाट केले तरी त्यात ठेवावयास गुजराती-मराठी पुस्तक पाहिजे.

आता दुसऱ्या हाताकडे वळू. १९०४ साली बडोद्यात बालविवाह-प्रतिबंधाचा निबंध झाला. मुलीचे वय बारा व मुलाचे सोळा ही किमान मर्यादा ठरली. आजच्या दृष्टीने ही मर्यादा किती कोती! पण तेव्हा तिलाही कडाडून विरोध झाला. निबंध झाल्यावर काय घडले? दंड होत राहिले आणि लग्नेही होत राहिली. पुष्कळ वऱ्हाडांनी दंडाची रक्कम मानपानाप्रमाणे लग्नखर्चातच धरली. राजाचा कायदा आणि ज्ञातीचा रिवाज यांची गाठ पडली म्हणजे सामान्य मनुष्य ज्ञातीकडे झुकतो, कारण राजाचा दंड एकदा भरून मोकळे होता येते, ज्ञातीचा बहिष्कार मात्र मुलांच्या लग्नापर्यंत पुरतो. हे ओळखूनच १९३३ साली बडोद्याने ज्ञातीच्या जाचाविरुद्ध निबंध केला आणि पंचांच्या बहिष्काराच्या अधिकाराला हात घातला.

आमच्या मते वाचनालयाचे खरे मोल येथे कळते. बहिष्काराचे बळ एकांतात असते. ज्ञातीच्या बैठकीत ज्ञातीचेच लोक, ज्ञातीचेच पंच. तेथे वेगळे मत असणारा एकटा पडतो आणि आपण एकटेच असे आहो असे त्याला वाटू लागते. त्याच गावच्या वाचनालयात तो शेजारच्या ज्ञातीतील तरुणाबरोबर वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा त्याला दिसते की हुंडा, बालविवाह, तेराव्याचे जेवण यांवरून त्यांच्याकडेही हेच भांडण चालले आहे. स्वज्ञातीचे म्हणून जे गुपित मानले होते ते सर्वांच्या घरचे निघते. कायदा त्याला संरक्षण देऊ शकतो, सोबती देऊ शकत नाही.

तथापि बडोद्याचे गुणगान येथेच थांबविले पाहिजे. १९१७ साली, म्हणजे ग्रंथालयखाते सात वर्षांचे झाले असता, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. वरच्या मजल्यावरील ओसाड दालनात रात्री एका लहानशा हरिकेन कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या फडफडाटात, आपण पुस्तकात मन बुडवून दुःख विसरण्याचा प्रयत्न करीत असू, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. दुसरीकडे कोठेही आसरा न मिळाल्याने मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. हिंदुस्थानातील त्या वेळचे सर्वांत आधुनिक ग्रंथालयखाते ज्या नगरात होते, त्या नगरात संस्थानाच्याच विद्वान सेवकास वाचीत बसावयास निर्वेध छप्पर नव्हते. ग्रंथ होते, कंदील होता, वाचकही होता; परंतु ज्यांनी त्याच्याशी बोलावयास हवे होते ते काठ्या घेऊन आले.

ब्रिटिश मुलखात तरी निराळे काय होते? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत असे त्यात म्हटले होते. ही यादी वाचताना आमचे लक्ष दर वेळी एका उणिवेकडे जाते. तीत वाचनालयाचे नाव नाही. पाणी आणि औषध यांपुढे वर्तमानपत्र कोणास सुचणार, हे खरे. परंतु गावची मते जेथे बनत होती त्या खोलीचे दार त्या ठरावात राहून गेले, हेही खरे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगू. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने बहिष्कार घालण्यास बंदी करणारा कायदा केला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर तो घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गेल्यावर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला व तो २०१७ मध्ये अंमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ग्रंथालयांच्या बाजूने पाहता कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, आणि महाराष्ट्र राज्याचा १९६७ सालचा कायदा त्यानंतर आला. या कायद्याखाली शासनाचे अनुदान घेणारी बहुसंख्य वाचनालये खाजगी मंडळे चालवितात. अनुदान सार्वजनिक, व्यवस्था मंडळाची. म्हणून कार्यकारी मंडळावर कोण बसतो आणि व्याख्यानास कोणाला बोलावतो, हा प्रश्न केवळ व्यवस्थेचा राहत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या ज्ञातीच्या वाचनालयात व्याख्यानमाला कित्येक वर्षे चालते. संतचरित्रे, प्रवासवर्णने, आरोग्य, मुलांस मार्गदर्शन. वक्ते चांगले, उपस्थिती समाधानकारक, आणि शेवटी आभारप्रदर्शन व अल्पोपाहार. श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत अशी प्रथा आम्ही कधी पाडलीच नाही. गतवर्षी काही तरुण सभासदांनी आंतरज्ञातीय विवाह केलेल्या आपल्याच कुटुंबांना बोलावून त्यांचे अनुभव ऐकावेत, अशी सूचना लेखी दिली. ज्येष्ठांपैकी काहींना ती अप्रशस्त वाटली. ‘वाचनालय हे वादाचे स्थान नव्हे,’ असा शेरा तिच्यावर पडला आणि ती दप्तरात गेली. शेरा लिहिणारांत आम्हीही होतो, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे. प्रस्तुत लेखासाठी बडोद्याची हकीकत पुन्हा वाचीत असता तो शेरा आम्हाला बोचू लागला. ज्या कुटुंबांना आम्ही बोलावले नाही त्यांच्यावर कोणी बहिष्कार घातलेला नाही. त्यांची वर्गणी आम्ही घेतो, स्मरणिका त्यांना टपालाने जाते. फक्त बोलणे होत नाही. १९३३ च्या किंवा २०१६ च्या कोणत्याही कलमात हे बसणारे नाही.

सबब ती सूचना आम्ही स्वतः दप्तरातून काढून पुन्हा कार्यकारी मंडळापुढे ठेवीत आहो. तिच्यात दोन भर घातल्या आहेत. पहिली, प्रत्येक व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा. दुसरी, वाचनालयाचे सभासदत्व व सभागृहाचे दार ज्ञातीबाहेरील शेजाऱ्यांस, कोणत्याही जातीच्या व धर्माच्या, त्याच वर्गणीत खुले असावे. यांपैकी दुसऱ्या कलमावर घटनादुरुस्ती लागेल, आणि ती वार्षिक सर्वसाधारण सभेखेरीज होत नाही. अनुकूल असो वा प्रतिकूल, ज्ञातिबंधुभगिनींनी आपले मत सहीनिशी चिटणिसांकडे सभेपूर्वी पंधरा दिवस लेखी पाठवावे. आलेली सर्व पत्रे सभेत वाचून दाखविली जातील.