बिब्बा, काजू आणि गोडंबी

बेळगावात कानडी दुकानदाराकडे गोडंबी मागितली की तो काजू तोलून देतो. पुण्याहून लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली माझी मावशी यावरून एका दुकानदाराशी चांगली दहा मिनिटे भांडली होती. तिला डिंकाच्या लाडवांत घालायला गोडंबी हवी होती, म्हणजे बिब्ब्याच्या बीचा गर. कानडीत गोडंबी म्हणजे काजूगर. दोघेही आपापल्या भाषेत बरोबर होते. मला मात्र तेव्हापासून एका प्रश्नाने पछाडले: सह्याद्रीतला जुना, काळा, जहाल बिब्बा आणि समुद्रापलीकडून आलेला काजू यांच्या नावांची अशी सरमिसळ का व्हावी?

आणि ही सरमिसळ एकाच शब्दापुरती नाही. कानडीत ‘गेरू’ हे बिब्ब्याचे नाव; किनाऱ्याकडे काजूच्या बीलाही ‘गेरू बीज’च म्हणतात. कोकणी घरांत तोंडल्यांबरोबर ओल्या काजूगरांची उपकरी करतात, त्या गरांचे नाव ‘बिब्बे’. आपल्या मराठीने तेवढे काजूला त्याचे परदेशी नाव ठेवू दिले. ब्राझीलमधल्या तुपी लोकांचा ‘अकाजू’, पोर्तुगीजांचा ‘काजू’, आणि तोच आपला.

काजू इकडे आला सोळाव्या शतकात. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधी वनस्पतींवरील संवादांत बिब्ब्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. इथले लोक त्याला ‘बिबो’ म्हणतात हेही त्याने नोंदवले आहे. काजूचा मात्र उल्लेख नाही. पुढे 1578 साली क्रिस्तोव्हाव द कोश्ता कोचीनच्या बागांतल्या काजूचे वर्णन करतो. म्हणजे बिब्बा इथला घरधनी आणि काजू पाहुणा, याबद्दल शंका नको.

युरोपातही तेच झाले, हे वाचून मला गंमत वाटली. तिथल्या औषधविक्यांकडे ‘अनाकार्डियम’ हे नाव बिब्ब्याचे होते. बीचा आकार हृदयासारखा म्हणून. लिनियसने 1753 साली ते उचलून काजूला दिले आणि त्यापुढे ‘पश्चिमेकडचा’ असे विशेषण जोडले. बिचाऱ्या बिब्ब्याला पुढे ‘सेमेकार्पस’ व्हावे लागले, म्हणजे खूण करणारे फळ.

दोघांचे नाते कोणालाही दिसेल असेच आहे. दोन्हींत देठच फुगून गोड, रसाळ होतो आणि बी त्याच्या टोकाला बाहेर लटकते. काजूचे बोंड वटवाघळे पळवतात, गर खातात आणि बी दूर कुठेतरी टाकून देतात. झाडाला हेच हवे असते. बोंड ही वाहतुकीची मजुरी. पण बीच कोणी फोडून खाल्ली तर सारा व्यवहार बुडाला. आतला गर तेलाने आणि प्रथिनांनी भरलेला, उंदीर-घुशींपासून किडे-बुरशीपर्यंत सगळ्यांना हवासा. म्हणून टरफलाच्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत चीक भरून ठेवलेला असतो.

या चिकातली द्रव्ये फिनॉल वर्गातली. सहा कार्बन-अणूंचे कडे आणि त्याला चिकटलेली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, एवढीच या वर्गाची ओळख. वनस्पतींना हा वर्ग फार प्रिय. हिरड्याचा आणि काताचा तुरटपणा याच वर्गातला. तोंडातल्या प्रथिनांना तो आवळून धरतो, म्हणून जीभ कोरडी पडते आणि खाणारा दुसरा घास घेत नाही. बिब्बा-काजूच्या कुळाने याच कड्याला पंधरा कार्बनांची लांब शेपटी लावली. या शेपटीमुळे द्रव्य तेलकट होते आणि कातडीच्या स्निग्ध थरातून आत शिरते. बिब्ब्यातल्या द्रव्याचे नावच भिलावनॉल, आपल्या भिलाव्यावरून पडलेले. कच्च्या काजूच्या टरफलात मुख्यतः अनाकार्डिक आम्ल आणि त्याच्या जोडीला फोड आणणारे कार्डोल. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून उततो, तोही याच कुळाचा प्रताप.

माणसासाठी हे हत्यार घडले नसावे. आपल्याला जो त्रास होतो तो बराचसा आपल्याच शरीराचा उतावीळपणा आहे. हे द्रव्य कातडीतल्या प्रथिनांना चिकटते, शरीर त्यांना परके समजते आणि पुढच्या वेळी त्यांच्यावर तुटून पडते. म्हणूनच बिब्बा एकाला उततो आणि शेजारच्याला काहीच होत नाही. माझी आजी सुईच्या टोकावर बिब्बा तापवून काटा रुतलेल्या जागी त्याचा ठिपका द्यायची. पण कोणाला द्यायचा नाही हे तिला पक्के ठाऊक असे. वैद्यही तो विटेच्या भुकटीत शोधल्याखेरीज वापरत नाहीत.

धोब्यांनी याच चिकाचा उपयोग कपड्यांवरच्या खुणांसाठी केला. त्यात चुना मिसळला की हवेने काळी पडलेली खूण कितीही धुतली तरी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर, नेमकी खूण टेकायची तिथे, पुरळ उठू लागले. 1943 साली तिकडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद ‘धोबी-खुणेचा त्वचारोग’ अशा नावाने झाली. त्या सैनिकांच्या देशात पॉयझन आयव्ही नावाची वेल आहे. तिचा चीक याच घराण्यातला, आणि ज्याला ती एकदा बाधली त्याचे शरीर बिब्ब्यालाही ओळखते.

पण सैनिकांचे पुरळ काही दिवसांत बरे झाले. चंदगड, खानापूर, गोवा, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या काजू कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायांची गोष्ट वेगळी. बी वाफवली की टरफल मऊ होते, पण चीक आतच राहतो आणि पायाने चालवायच्या यंत्रावर एकेक बी कापताना तो बोटांवर येतो. भाजली तर धूर डोळ्यांत जातो. बाया हाताला तेल चोपडतात, राख किंवा चुना लावतात. हातमोजे घातले तर बी नीट धरता येत नाही, काम मंदावते. आणि मजुरी बहुतेक ठिकाणी किलोवर. आमच्या ओळखीच्या एका बाईला मुलीच्या लग्नाआधी दोन आठवडे काम सोडावे लागले होते, मेंदीखालची कातडी सोलवटलेली दिसू नये म्हणून.

टरफलांतले तेल वाया जात नाही. तापवले की अनाकार्डिक आम्लाचे कार्डेनॉल होते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्यापासून राळ करून मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात वापरू लागले, आणि आजही ते रंग-रोगणांत जाते. त्याचा भाव वेगळा ठरतो, पिंपांतून तो माल वेगळा रवाना होतो. फोडणाऱ्या बाईच्या हिशेबात फक्त गराचे वजन धरतात.