भात व बाजरी : परागविकास आणि नरवंध्यत्व

फुलातील स्त्रीकेसर निरोगी असूनही परागकोशांत कार्यक्षम पराग न घडणे, या अवस्थेस नरवंध्यत्व म्हणतात. अनेक तृणधान्यांच्या संकरित बियाण्याचा व्यवहार याच वैगुण्यावर उभा आहे. त्याचा अभ्यास करण्यास नाशिक जिल्ह्याइतका सोयीचा मुलूख क्वचितच सापडेल. कारण सह्याद्रीलगत इगतपुरीकडे भाताची खाचरे आहेत, तर गिरणा व मोसम यांच्या संगमाजवळील मालेगाव तालुक्यात, पर्जन्यछायेतील जिराईत जमिनीवर, बाजरी हे खरिपाचे जुने पीक आहे.

भाताच्या फुलात सहा पुंकेसर असतात. लोंबी निसवल्यावर प्रत्येक फूल दिवसा थोडा वेळच उमलते आणि उमलतानाच आपले पराग आपल्याच कुक्षीवर सांडते. बाजरीच्या कणसात कुक्षी आधी बाहेर पडतात व परागकोश मागाहून, त्यामुळे तेथे परपरागण स्वाभाविक ठरते. स्वपरागी भाताचा संकर मोठ्या प्रमाणावर करावयाचा, तर माता-वाणाचे पराग निसर्गतःच निकामी असणे अपरिहार्य होते.

असे रोप 1970 मध्ये चीनच्या हैनान बेटावर रानभातात सापडले आणि 1976 पासून चीनमध्ये संकरित भाताची लागवड व्यापक झाली. या वंध्यत्वाचे मूळ केंद्रकात नसून पेशीद्रवातील तंतुकणिकांत आहे, व म्हणून ते मातेकडूनच उतरते. चिनी संशोधकांनी 2013 मध्ये दाखविले की, तंतुकणिकांतील एका विकृत जनुकाचे प्रथिन परागकोशाच्या आतील पोषक थरास अकालीच मारते. ज्या थराने कोवळ्या परागांस पोसावयाचे, तोच आधी नष्ट झाल्याने पराग खुरटतात, आणि आयोडीनच्या द्रावणात सकस परागांप्रमाणे गडद रंग घेत नाहीत. केंद्रकातील पुनःस्थापक जनुके हा दोष निवारतात. तीच पित्याकडून आल्यामुळे संकरित पिकात दाणा भरतो. याहून आधीची पायरी, म्हणजे पुंकेसर मुळात घडणे, जपानमधील ‘सुपरवुमन-1’ या उत्परिवर्तित भाताने उलगडली. त्यात पुंकेसरांच्या जागी स्त्रीकेसरच उगवतात.

महाराष्ट्रात कर्जतच्या भात संशोधन केंद्राने, फिलिपीन्सहून आलेल्या ‘आय. आर. 58025 ए’ या वंध्य मातेपासून सिद्ध केलेला ‘सह्याद्री’ हा संकर 1998 मध्ये प्रसारित झाला.

बाजरीचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेतील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी सिद्ध केलेल्या ‘टिफ्ट 23 ए’ या वंध्य वाणावरून दिलबागसिंग अठवाल यांनी लुधियानास 1965 मध्ये ‘एच. बी. 1’ हा पहिला संकर दिला, आणि पुढचे संकरही त्याच मातेचे निघाले. ज्यास आपल्याकडे गोसावी किंवा केवडा म्हणतात, त्या रोगाने 1970 नंतर या संकरांचा धुव्वा उडविला. दोष वंध्यत्वाच्या पेशीद्रवाचा नव्हता, मातेच्या केंद्रकातील जनुकांचा होता, हे पुढे सिद्ध झाले; तथापि असंख्य शेते एकाच मातेच्या हवाली करणे ही धोरणाची गंभीर चूकच होती, असे म्हणणे प्राप्त आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे ‘श्रद्धा’ व ‘सबुरी’ हे संकर नंतरचे. त्यांतही बियाणे दरसाल नवे घ्यावे लागते, कारण संकराचा दाणा पुन्हा पेरला असता पीक एकसारखे उतरत नाही.