कागलचा माळ : झाड, धान्य आणि मेंढरू यांचा त्रिवेणी संबंध

कागल आणि हातकणंगले या तालुक्यांच्या सीमेवरील विस्तीर्ण माळावर आज पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे. या परिसराचा कृषी-इतिहास पाहू जाता वृक्ष, धान्य आणि मेंढी यांचा मेळ घालणारी शेती येथे अपरिचित नव्हती, असे दिसून येते. मात्र ती एका मालकाची नव्हे, तर दोन समाजांच्या परस्परावलंबनाची शेती होती. धान्य कुणब्याचे, झाडे बांधावरची, आणि मेंढरे धनगराची.

या व्यवस्थेची साक्ष भाषा देते. ‘शेतात मेंढरे बसवणे’ या प्रयोगात कळप एका रात्रीपुरता रानात थांबवणे एवढाच अर्थ नाही. लेंडी व मूत्र यांच्या मोबदल्यात शेतकऱ्याने धान्य वा पैसा द्यावा, हा करारही त्यात गृहीत आहे. कळपाभोवती लावावयाच्या जाळीस ‘वाघर’ म्हणतात. संस्कृत ‘वागुरा’ म्हणजे पारध्याचे जाळे. तोच शब्द येथे मेंढपाळाचे फिरते कुंपण झाला. वाघर हलती असल्यामुळे कळपाची जागा पालटत जाई आणि खत वाहून नेण्याचे श्रम न पडता ते रानभर पसरे.

कालक्रमही तसाच जुळलेला होता. पश्चिमेकडील अतिवृष्टी व चिखल मेंढीस मानवत नाही. म्हणून पावसाळ्यात कळप पूर्वेकडील कोरड्या मुलखात जात आणि पिके निघाल्यावर मोकळ्या रानात परतत. ज्वारीत तुरीचे पाटे घातल्याने जमिनीस नत्र मिळे. बांधावरची बाभूळ औतांना लाकूड आणि उन्हाळ्यात मेंढरांना शेंगा पुरवी. झाडे ही रयतेची दीर्घ श्रमाची मत्ता आहे, याची जाणीव राज्यकर्त्यांनाही होती. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, आरमारासाठी लाकूड हवे असतानाही, रयतेच्या आंबा-फणसादी झाडांस हात लावू नये अशी ताकीद आढळते.

वसाहतीनजीकच्या पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत हा संबंध धर्माचाराच्या रूपाने टिकून आहे. दैवत मेंढपाळांचे, परंतु तेथील भाकणूक पाऊस आणि पिके यांविषयी असते, व ती ऐकावयास शेतकरीही येतात.

पुढे हा मेळ विस्कटला. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे काम शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत सुरू झाले व १९५० नंतरच्या दशकात ते पुरे झाले. सिंचनाबरोबर ऊस वाढला. वर्षभर उभ्या राहणाऱ्या उसाने मेंढरांचे मोकळे रान व्यापले, आणि रासायनिक खतांनी लेंडीची निकड कमी केली. माळाचे चराऊ क्षेत्र उद्योगांकडे गेले.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पशूंवाचून शेती निसर्गाला मान्य नाही, असे प्रतिपादिले. कागलच्या उदाहरणावरून त्यात एक भर घालावी लागते : पशू शेतकऱ्याच्याच गोठ्यातील असावेत असे नाही. सेंद्रिय मिश्रशेतीचा पुरस्कार करताना झाड, धान्य व मेंढरू एकत्र आणणे तुलनेने सुकर आहे. तुटला तो बसवणारा आणि बसवून घेणारा यांच्यामधील करार होय. चराईचा हक्क व कळपाची वाट सुरक्षित केल्यावाचून त्याचे पुनरुज्जीवन संभवत नाही.