लष्करी रायफल, शिकारी रायफल आणि कायदा

युद्ध संपले की सैन्याजवळ रायफलींचे ढीग उरतात. दोन्ही महायुद्धांनंतर युरोप व अमेरिकेत अशा जुन्या लष्करी रायफली सामान्य नागरिकांना स्वस्तात विकल्या गेल्या आणि तेथील बंदूक-कारागिरांनी त्यांचे रूपांतर शिकारी रायफलींत केले. इंग्लंडमध्ये 'ली-एनफील्ड', अमेरिकेत 'स्प्रिंगफील्ड' आणि युरोपात 'माउझर' या रायफलींच्या वाट्याला हे दुसरे आयुष्य आले. भारतात मात्र ही कथा निराळ्या वळणाने गेली. येथे रायफलीचे रूप ठरवले ते कारागिराने नव्हे, तर कायद्याने.

रूपांतर म्हणजे काय?

लष्करी रायफल संगिनीच्या झुंजीसाठी आणि धसमुसळ्या वापरासाठी घडवलेली असते. तिच्या नळीवर टोकापर्यंत लाकडी आवरण असते, संगीन बसवण्याची सोय असते आणि वजन चार किलोच्या घरात जाते. शिकाऱ्याला ती खांद्यावर टाकून रानोमाळ हिंडायचे असते. त्यामुळे रूपांतरात पुढचे लाकूड कमी केले जाई, संगिनीची खुंटी काढली जाई, दस्ता नव्याने घडवला जाई आणि नेम धरण्याची साधने बदलली जात. रायफलीचा गाभा, म्हणजे काडतूस आत ढकलणारी बोल्टची यंत्रणा, तेवढी तशीच राही. उत्तम शिकारी रायफलींचा पायाही पुष्कळदा हीच लष्करी यंत्रणा असे. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध .२७५ रिग्बी रायफल माउझर यंत्रणेवरच बांधलेली होती.

गोळीचा प्रश्न वेगळा. पूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी गोळी जनावराच्या शरीरातून आरपार जाते. जनावर जखमी होऊन पळते आणि तडफडून मरते. म्हणून शिकारीत मऊ अग्राची, आत गेल्यावर फुलणारी गोळी वापरली जाते. अशाच गोळ्या १८९०च्या दशकात कोलकात्याजवळच्या डमडम येथे सैन्यासाठी तयार झाल्या. १८९९च्या हेग परिषदेने मात्र त्या युद्धात निषिद्ध ठरवल्या.

सरकारची धास्ती

१८५७चा उठाव इंग्रज सरकार विसरले नव्हते. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी जनतेवर परवान्याचे बंधन आले. पुढचा विचार काडतुसांचा होता. खासगी रायफलीत आणि सैन्याच्या रायफलीत एकच काडतूस चालत असेल, तर चोरलेला दारूगोळा बंडखोरांच्या कामी येणार. या धास्तीने विसाव्या शतकाच्या आरंभी .४५० बोअरच्या रायफली भारतात आणण्यास बंदी झाली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या. परिणामी इंग्लंडमधील बंदूक कंपन्यांना भारतातील शिकाऱ्यांसाठी .४६५, .४७० अशी नवी मापे काढावी लागली. 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून ओळखली जाणारी .३०३ ली-एनफील्ड सैन्याची मुख्य रायफल असल्याने तिचे बोअरही नागरिकांना वर्ज्य झाले.

यातून .३१५ बोअरची रायफल पुढे आली. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे आठ मिलिमीटरचे मानलिखर काडतूस .३०३ प्रमाणेच बुडाशी कडा असलेले होते. त्यामुळे ली-एनफील्डच्या यंत्रणेला नवी नळी जोडली की ते चपखल बसे. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने आणि पुढे पश्चिम बंगालमधील इशापूर रायफल कारखान्याने या मापाची शिकारी रायफल बनवली. दहाऐवजी पाच गोळ्यांची पेटी आणि आखूड लाकूड असलेली ही रायफल दिसायला ली-एनफील्डची धाकटी बहीणच. परंतु सैन्याचे काडतूस तिच्यात चालत नाही. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार झाली. 'केएफ' ही त्यावरील अक्षरे न्यायालयीन निकालपत्रांतही वारंवार आढळतात, कारण उत्तरेकडील गावठी कट्टेही याच काडतुसावर चालतात.

इशापूरमध्ये जुन्या लष्करी रायफलींचे खरेखुरे रूपांतरही झाले, पण ते शिकारीसाठी नव्हे. .३०३ रायफलींना .४१० बोअरची गुळगुळीत नळी देऊन आणि एका वेळी एकच गोळी झाडता येईल अशी व्यवस्था करून त्या पोलीस व पहारेकऱ्यांच्या हाती देण्यात आल्या.

पनवेलकरांनी काय जाणावे?

पनवेलचा परिसर एकेकाळी रानाने वेढलेला होता. शेजारचे कर्नाळा १९६८मध्ये पक्षी अभयारण्य झाले. जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान असलेले फणसाड १९८६मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आणले आणि १९९१च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची उरलेली वाटही बंद केली. पिकांची नासाडी करणारे रानडुक्कर मारायचे, तरी वनखात्याची परवानगी लागते.

शिकार संपली, तरी आजोबांची रायफल घरात राहते. अशा कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत रायफल जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावी लागते. पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असल्याने परवान्यासाठी तेथे अर्ज करावा लागतो. आयुक्तालयाच्या हद्दीबाहेरील रायगडकरांसाठी हा अधिकार अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. २०१९च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात.

सर्वांत मोठा धोका हौशी दुरुस्तीचा. विनापरवाना शस्त्राचे रूपांतर वा दुरुस्ती करणे, नळी कापून आखूड करणे हे १९५९च्या शस्त्र कायद्यान्वये गंभीर गुन्हे आहेत. त्यांना किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. रायफल आपल्या मालकीची आहे, हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. तांत्रिक धोकाही कमी नाही. काडतुसाच्या स्फोटाचा प्रचंड दाब नळी आणि बोल्ट यांच्या अचूक जुळणीवर पेलला जातो. ती जुळणी बिघडली, तर इजा प्रथम नेम धरणाऱ्यालाच होते.

रायफलीचे आकर्षण असणाऱ्यांसाठी पनवेलमध्येच दुसरी वाट खुली झाली आहे. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांनी २००६मध्ये येथे 'लक्ष्य' नेमबाजी क्लब सुरू केला. कर्नाळ्याशेजारी वसलेल्या या शहरात आता नेम धरला जातो तो कागदी लक्ष्यावर.