९६ खुंट्यांचं झाकण

डेल्फ्टचे कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हनहुक रोज मिठानं दात घासत, तरी दातांच्या फटीत पांढरा थर उरेच. त्यात वळवळणारे जीव त्यांनी भिंगाखाली पाहिले. तोंडात व्हिनेगर घोळवलं तरी ते जगले. थर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवला, तेव्हा मेले. व्हिनेगर वरच्यांनाच मारतं, थराच्या आत शिरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष रॉयल सोसायटीनं १६८४ मध्ये छापला. माझ्या लेखी बायोफिल्मवरच्या, म्हणजे जिवाणूंच्या अशा चिकट थरांवरच्या, औषधांची कथा इथंच सुरू होते.

पुढं प्रतिजैविकं आली, पण त्यांचं मोजमाप ठरलं ते सुट्या, पोहणाऱ्या जिवाणूंवर. रसात जिवाणू सोडायचे, औषध नळीगणिक निम्मं करत जायचं आणि ज्या किमान मात्रेला रस गढूळ होत नाही ती 'एमआयसी' म्हणून नोंदवायची. पद्धत स्वस्त आणि सोपी, म्हणून जगभर रुजली. १९४४ मध्ये डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी पेनिसिलिनला पुरून उरणारे मोजके जिवाणू दाखवले, पण ही पद्धत काही हलली नाही.

जिवाणू बहुधा पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच्याच चिकट आवरणात वस्ती करतात, हे कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बिल कॉस्टरटन यांनी १९७८ पासून ठासून मांडलं. कॅथेटरवर, कृत्रिम सांध्यावर हेच घडतं. वस्तीच्या तळाशी अन्न आणि प्राणवायू तुटपुंजे, त्यामुळे वाढ मंदावते. पेनिसिलिन घाव घालतं ते जिवाणूची भित्ती बांधली जात असताना; बांधकामच थांबलं, तर घाव बसणार कुठं?

त्याच विद्यापीठात १९९९ मध्ये हॉवर्ड सेरी आणि सहकाऱ्यांनी नवं साधन मांडलं. झाकणाला आतून प्लॅस्टिकच्या ९६ खुंट्या. जिवाणू मिसळलेल्या रसात त्या बुडवून साधन हलवत ठेवायचं, की खुंट्यांवर जवळपास सारखे थर चढतात. मग झाकण उचलून धुवायचं आणि ९६ खळग्यांच्या प्लेटवर, वेगवेगळ्या मात्रांच्या औषधांत बसवायचं. पुन्हा धुऊन ताज्या रसात ठेवायचं, ध्वनिलहरींनी थर मोकळा करायचा आणि काही उगवतं का ते पाहायचं. काही औषधांची मात्रा एमआयसीच्या १०० ते १००० पट लागली. काहींना मात्र तेवढीच पुरली! मला हा दुसरा निकाल मोलाचा वाटतो: थरावर चालणारं औषध निवडता येतं, पण त्यासाठी चाचणी थरावरच हवी.

सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांत कफ साचवणाऱ्या आजाराच्या रुग्णांत मात्र अशा चाचणीवरून औषध निवडून नेहमीच्या पद्धतीपेक्षा सरस गुण आल्याचं चाचण्यांत सिद्ध झालं नाही. प्लॅस्टिकच्या खुंटीवर ना फुफ्फुसातला कफ, ना पांढऱ्या पेशी. तरीही नव्या रेणूंच्या पहिल्याच निवडीत हे झाकण हवं. सुट्या जिवाणूंवर दुबळा ठरलेला रेणू तिथंच बाद झाला, तर थरावर तो काय करतो हे कधी तपासलंच जात नाही.