फौजेतून सॅटेलाइट कंट्रोल रूममध्ये

सुमारे ५०० किमी उंचीवरचा सॅटेलाइट दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतो, पण एका ग्राउंड स्टेशनला तो एका वेळी जेमतेम दहा मिनिटं दिसतो. तेवढ्यात बॅटरी, तापमान तपासायचं, कमांड पाठवायच्या. चुकीची कमांड गेली तर वर मेकॅनिक पाठवता येत नाही! म्हणून या कामात चेकलिस्ट, लॉगबुक आणि रात्रपाळीची शिस्त लागते. सैन्यात सिग्नल किंवा रडार सांभाळणाऱ्यांच्या ती अंगवळणी पडलेली असते. नव्याने शिकायचं ते लिनक्स, पायथन आणि कक्षेचं गणित. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम करायची तरतूद आहे. त्यामुळे ही तयारी सेवेत असतानाच सुरू करा. आणि हो, बायोडेटात गोपनीय यंत्रणांचा तपशील कधीच लिहू नका.